शेवटच्या पोफळीपर्यंत

"जन्मभर दुसऱ्यांना शब्द देत बसली, आणि स्वतः जाताना एक शब्द न्हाय बोलली बघ."

पडवीत दुधी चिरता चिरता वत्सलाकाकू शेजारच्या बाईला सांगत होत्या. मी दाराआड उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी बहुतेक वेळा दाराआडच उभी असते, त्यामुळे मला असं बरंच काही ऐकू येतं. कमूआत्याच्या बाराव्याचा दिवस होता. काकूंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, थोडी तक्रार होती, शेजारणीने न सांगता गावाला निघून जावं आणि आपल्याला कुलूप बघून कळावं तशी. आणि मला, त्या दिवशी येऊ नये असं, हसू आलं. कारण आत्याने हे ऐकलं असतं तर तिथल्या तिथे विचारलं असतं, "बोलायला समोर होतं कोण? भिंत?" दुपारी जेवून, वाचायला पुस्तक घेऊन, चष्मा न काढता ती आडवी झाली होती. संध्याकाळी काकू विरजण मागायला आल्या तेव्हा चष्मा डोळ्यांवर होता आणि पुस्तक पोटावर पालथं होतं. कुठलं पान चालू होतं ते मी नंतर बघितलं. पण ते माझ्याजवळच राहू दे.

बाबांचा फोन आला तेव्हा मी बेलापूरच्या ऑफिसात एका ऑनलाइन मीटिंगमध्ये होते आणि माझा माइक नेहमीसारखा बंद होता. बाबा म्हणाले, "कमूताई गेली. चौलला ये." एवढंच. माइक चालू करून मला जायला हवं असं सांगणं दोन सेकंदांचं काम होतं. मी ते चॅटमध्ये टाइप केलं, लॅपटॉप मिटला आणि निघाले. पेणच्या पुढे गाडी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आत्याला हे समजलं असतं तर ती म्हणाली असती, "माझ्या मरणाचीसुद्धा चिठ्ठीच दिलीस ना ग, ईशे?"

कमूआत्या बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही हे तिने सांगितलं नाही, आणि आमच्या घरात असं काही विचारायची पद्धत नाही. चौलला आमची वाडी आहे. रुंदीला बेताची आणि लांबीला संपता न संपणारी, माड, पोफळी आणि मधूनमधून केळी अशी एक पट्टी. ती सगळी आत्या एकटी बघायची. आम्ही अलिबागला, कारण बाबांची नोकरी तिथे आणि माझी इंग्रजी शाळाही तिथे. शनिवारी शाळा सुटली की आई मला रेवदंड्याच्या एसटीत बसवून द्यायची आणि चौलच्या थांब्यावर आत्या उभी असायची, पदर खोचलेला, हातात एखादी पिशवी, आणि मी खाली उतरायच्या आधीच तिचा प्रश्न हजर, "मग? काय बोललीस या आठवड्यात?"

गावात तिची ओळख मात्र वाडीवाली म्हणून नव्हती. चैत्रातल्या उत्सवात आमच्या गावची मंडळी नाटक करतात. दिवसभर कोणी वाडीत, कोणी दुकानात, कोणी कंपनीत, आणि संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात तालीम. पाठांतर कोणाचंच धड नसतं. त्यामुळे सगळं नाटक विंगेत वही घेऊन बसलेल्या, अडलेल्याला पुढचा शब्द देणाऱ्या माणसाच्या जिवावर चालतं, आणि पस्तीसेक वर्षं ते माणूस म्हणजे आत्या. सातवीपर्यंत शिकलेली, पण अक्षर असं की वही लांबूनही वाचता यावी. श्वास घ्यायचा तिथे ती पेन्सिलीने तिरकी रेघ मारायची, जिथे नट हटकून अडखळतो तिथे फुली. फुल्यांवरून ती सांगू शकायची की कोणाच्या घरी सध्या काय चाललंय. "पक्याच्या फुल्या यंदा वाढल्यात. बायको माहेरी गेलेली दिसतेय."

पाचवीत असताना मी पहिल्यांदा शाळेच्या नाटकासाठी ऑडिशन दिली. ड्रामाच्या मिस हॉलच्या शेवटच्या बाकावर बसायच्या आणि एकेकाने स्टेजवर जाऊन आपलं नाव, इयत्ता आणि फळ्यावर लिहिलेलं एक वाक्य म्हणायचं. माझी पाळी आली. मी नाव सांगितलं. मिस म्हणाल्या, "लाउडर." मी पुन्हा सांगितलं. "चाइल्ड, आर यू स्पीकिंग?" मला खरोखर वाटत होतं की मी ओरडतेय. माझ्या डोक्यात तो आवाज प्रचंड होता. मला झाड केलं. दोन झाडं होती, त्यातलं दुसरं माझ्यापेक्षा छान हललं म्हणून त्याचं कौतुकही झालं. मी नाटकात काम करायचंच असं का ठरवलं होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. जी मुलगी वर्गात "प्रेझेंट" म्हणायला घाबरते, तिला स्टेजवर जायचं असतं यावर कोणाचा विश्वास बसत नाही. आत्याचा बसला. तिला त्यात काही विशेषही वाटलं नाही.

"कसलं झाड?" चुलीत काटक्या सारत तिने विचारलं.

"नुसतं झाड."

"नुसतं झाड नसतंय कुठे. माड की आंबा?"

मला ठाऊक नव्हतं. "मग उभी कशी राहणार तू? वारा आला की माड डोलतो. आंबा आपला थोरल्या काकासारखा, जाग्यावर." त्या वर्षी मी माड झाले. मिसना ते कळलं नसावं, पण मला कळत होतं, आणि पंचेचाळीस मिनिटं स्टेजवर उभं राहायला तेवढं पुरलं.

त्या शनिवारी संध्याकाळी आत्याने पोपटी लावली. वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वरखाली भांबुर्ड्याचा पाला, सगळं मडक्यात ठासून, मडकं पालथं घालून भोवती जाळ. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र झालं की शेंगा शिजल्या. शाळेची नाटकं थंडीत आणि शेंगाही थंडीतच, त्यामुळे पुढे दरवर्षी यादीत माझं नाव आलं नाही की पोपटी लागायची, असा आमच्याकडे रिवाजच पडला. सहावीत नापास, पोपटी. सातवीत, पोपटी... नाही, सातवीचं वेगळं झालं, ते सांगते. पण वत्सलाकाकू डिसेंबरात बांधावरून विचारायच्या, "काय कमे, पोरीचा निकाल लागला का? मडकं काढू?" आमच्या घरात माझ्या नापास होण्याची वाट बघणारी माणसं होती आणि त्यांच्या वाट बघण्यात मला कधीही अपमान वाटला नाही. गरम शेंगा सोलताना वाटत नाही.

आत्याची शिकवायची रीत वाडीची होती. आमच्याकडे वाडी शिंपायला दोन माणसं लागतात. एक विहिरीवर पंपापाशी, दुसरं पाण्याबरोबर चालत जाणारं. पाटातलं पाणी फावड्याने एकेका झाडाच्या आळ्यात वळवत न्यायचं, आणि अगदी टोकाच्या पोफळीचं आळं भरलं की तिथून ओरडायचं, "आलंऽऽ! बंद कर!" मग पंपापाशी बटण बंद. मधल्या झाडीतून एकमेकांचं काही दिसत नाही, नुसता आवाज जातो. उशीर झाला तर पाणी बांध ओलांडून थेट वत्सलाकाकूंच्या खळ्यात, जिथे त्यांची सुपारी वाळत घातलेली असते.

आत्याने मला टोकाला उभं केलं. आळं भरलं. मी ओरडले. पंप चालूच. पुन्हा ओरडले. घशात काहीतरी टोचायला लागलं, तरी पंप चालूच. शेवटी मी अख्खी वाडी पळत गेले आणि तिच्या पाठीशी उभी राहून म्हणाले, "आत्या, आलं." तोपर्यंत काकूंची सुपारी तरंगायला लागली होती. काकू बांधावर उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"कमे, तुझी भाची मुकी हाय काय ग?"

"मुकी न्हाय," आत्या म्हणाली. "आवाज निघालाय. वाटेत हाय."

पुढच्या शनिवारी तिने मला ॲल्युमिनियमची एक पोचे आलेली थाळी आणि एक लाकडी डाव दिला. "वाजव." थाळीचा आवाज लख्ख गेला आणि पंप बंद झाला. त्यानंतर शाळा संपेपर्यंत, आणि नंतरही, जेव्हा जेव्हा मी टोकाला उभी राहिले तेव्हा थाळीच वाजवली. आत्याने कधी हट्ट धरला नाही. थाळी पडवीतल्या खिळ्यावर टांगलेली असायची, माझ्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. फक्त मधूनच म्हणायची, "वाजव बाये, वाजव. पण थाळ्या हरवतात हां कधी कधी."

दरम्यान ती माझी इंग्रजी नाटकं बसवत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी संवाद वाचायचे आणि ती ते वहीत देवनागरीत उतरवून घ्यायची, सगळ्यांचे, माझ्या मनात असलेल्या पात्राचे तेवढेच नाही. मग तिरक्या रेघा आणि फुल्या. अर्थ मी सांगायचे, पण श्वास कुठे घ्यायचा हे तिला अर्थ कळायच्या आधीच कळायचं. ती वाचायला लागली की इंग्रजी वाक्यांना चौलचा हेल यायचा आणि राजा-राणी एकदम आमच्या आळीतले वाटायला लागायचे. "गळ्यातून बोलू नको," ती सांगायची, "पोटातून बोल. आणि शब्द समोरच्या माणसाला न्हाय द्यायचा. त्याच्या मागं जी भिंत हाय, तिला द्यायचा. मधल्या सगळ्यांना आपोआप मिळतो."

पण प्रॉम्प्टरकडून नाटक शिकण्यात एक गोची असते, ती आम्हा दोघींच्याही लक्षात आली नाही. सातवीच्या ऑडिशनला मी रांगेत उभी होते. स्टेजवरची मुलगी अडली. माझ्या तोंडून पुढचे तीन शब्द बाहेर पडले, हळूच, ती अडल्यावर नव्हे तर अडायच्या किंचित आधी, जसं आत्या करायची तसं. तिने ते उचलले. पुढच्या मुलालाही दिले. मला कळतच नव्हतं की मी हे करतेय. माझी पाळी आली तेव्हा मी माझं वाक्यसुद्धा त्याच आवाजात म्हणाले, विंगेतल्या कुजबुजीत, बिनचूक आणि न ऐकू येणारं. मिस हसल्या आणि त्यांनी मला शाळेच्या नाटकाची प्रॉम्प्टर केलं.

मी शनिवारी एसटीतून जवळजवळ उडीच मारली. "आत्या, मी प्रॉम्प्टर झाले! तुझ्यासारखी!" मला वाटलं होतं ती गावभर सांगेल. ती थांब्याच्या कट्ट्यावर बसून सुपारी फोडत होती. तिने अडकित्ता खाली ठेवला.

"विंगेत मी बसले ना," ती म्हणाली. "घरातलं एक माणूस पुरे झालं."

मग तिने जे सांगितलं ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ती बावीस वर्षांची असताना, पात्रवाटपाच्या बैठकीत, गावातल्या सगळ्या पुरुषांसमोर तिने उभं राहून एक काम मागितलं होतं. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे, पुढे पनवेलहून नट्या यायला लागल्या, पण गावातल्या मुलीने तोंडाला रंग लावायचा ही गोष्ट कोणाच्या डोक्यातच बसत नव्हती. कोणीतरी म्हणालं, कमू वाचते बरी, तिला विंगेत बसवा. ती बसली. पण दुसऱ्या वर्षी बैठकीत तिने पुन्हा काम मागितलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा. दरवर्षी. त्याचा गावात विनोद झाला होता. बैठक सुरू करताना अध्यक्ष, म्हणजे आमचे तात्या, आधी विचारायचे, "कमूचं मागून झालं काय? मग सुरू करू."

"तुला वाईट नाही वाटायचं?" मी विचारलं.

"मागायचं काम माझं. न्हाय म्हणायचं काम त्यांचं. त्यांचं काम मी कशाला करू?" आणि मग नेहमीच्या आवाजात, "तू दोन वर्षं नापास झालीस म्हणून तोंड पाडतेस. माझी बघ की. मला एवढ्या पोपट्या लावायच्या म्हटल्या तर चौलात मडकी उरायची न्हाईत."

आठवीत मी मिसना चिठ्ठी दिली की मला प्रॉम्प्टिंग करायचं नाही, ऑडिशन द्यायची आहे. मिसनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "यू कुड हॅव सेड धिस, यू नो." ऑडिशन दिली. नाव आलं नाही. पोपटी. नववीत पुन्हा दिली, आणि कोण्या एका मुलाच्या बाबांची बदली झाली म्हणून म्हणा किंवा पाच वर्षं तोच चेहरा बघून मिसना कंटाळा आला म्हणून म्हणा, मला एक वाक्य मिळालं. राजवाड्यातली दासी. धावत यायचं आणि सांगायचं, "युवर मॅजेस्टी, द कुक हॅज रन अवे!" आत्याने ते वहीच्या नव्या पानावर एकटंच लिहिलं, वर माझं नाव घालून.

"कुक म्हणजे आचारी ना?"

"हो."

"आणि तो पळाला?"

"हो, दरबारात मेजवानी आहे आणि तो पळून गेलाय."

"मग मेले, मेजवानीला आचारी पळाला हे सांगताना तू अशी का उभी हायस, पाहुणे जेवून, विडा खाऊन गेल्यासारखी?"

महिनाभर आमच्या वाडीतून आचारी पळत होता. काकू बांधावरून विचारायच्या, "सापडला काय ग?" शाळेच्या संमेलनाला आत्या ठेवणीतली जांभळी साडी नेसून अलिबागला आली. बाबांनी तिच्यासाठी दुसऱ्या रांगेत जागा धरली होती. ती तिथे बसली नाही. सरळ मागे गेली आणि शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीला टेकून बसली. मी धावत गेले, वाक्य म्हणाले, पुढच्या रांगांमधून हसू आलं. हसू! नाटक संपलं. बाहेर आत्या भेटली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"निम्म्या वाडीला पाणी मिळालं," ती म्हणाली. "वाईट न्हाय."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी रात्रभर तळमळले असते. तिने म्हटलं म्हणून मला ते बरोबर अर्धं वाटलं, कमीही नाही आणि जास्तही नाही. यादीत नाव आलं होतं, तरी त्या शनिवारी पोपटी लागलीच. काकूंनी मडकं आधीच घासून ठेवलं होतं म्हणे.

मी अकरावीत होते त्या वर्षी चैत्रातल्या नाटकाच्या बैठकीत तात्यांनी आत्याला विचारलं, "कमे, यंदा एक म्हातारीचं काम हाय. करतेस?" मी तिच्या शेजारी बसले होते. आत्या उभी राहिली.

"काय रे तात्या, मी म्हातारी व्हायची वाट बघत होतास काय इतकी वर्षं?"

पण केलं तिने काम. चार वाक्यांचं. आणि तिच्या जागी विंगेत वही घेऊन मी बसले. प्रयोगाच्या दिवशी तिने काठी घेतली, पांढऱ्या केसांवर आणखी पावडर मारली आणि स्टेजच्या कोपऱ्यात बाजेवर जाऊन बसली. आणि मग सगळ्या गावाने जे बघितलं ते अजून सांगतात. म्हातारी सगळ्यांचे संवाद ओठांनी म्हणत होती. नायकाचे, नायिकेचे, हवालदाराचे. तिला थांबवताच येत नव्हतं. मध्येच पक्या अडला, तो नायक होता, तशी म्हातारीने बाजेवरूनच त्याला पुढचं वाक्य खणखणीत आवाजात दिलं. पक्याने सवयीने "हां" म्हणून ते उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग तिचं स्वतःचं वाक्य आलं. पक्याने विचारलं, "आजी, हे घर कुणाचं?" आणि आत्या गप्प झाली. सगळं नाटक पाठ असलेल्या बाईला स्वतःचं वाक्य आठवेना. मी विंगेत होते, तिच्यापासून चार हातांवर. मी शब्द दिला. तिला ऐकू गेला नाही. पुन्हा दिला. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आत्याने माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं असेल तर ते तेवढंच, त्या एका बघण्यात. मी तिसऱ्यांदा दिला, आणि माझा मलाच ऐकू आला नाही.

तिने तोंड फिरवलं, काठी आपटली आणि पक्याला म्हणाली, "मला इचारतोस? तुझं तुला पाठ न्हाय, माझं मला पाठ न्हाय, आता घर कुणाचं ते त्या देवालाच इचार!" सभामंडप हसून हसून वाकला. देवळातल्या गुरवकाकांनी घंटा वाजवली. लोकांना अजून वाटतं की तिने मुद्दाम तसं केलं, आणि तिने कोणाचा गैरसमज दूर केला नाही. मी नंतर तिला म्हणाले, "आत्या, मी शब्द दिला होता." ती तोंडावरचा रंग पुसत होती. "दिलास ग. ओठ दिसले ना मला." बस. पुढे कधीही तो विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी वाडी शिंपायला निघालो तेव्हा तिने न बोलता खिळ्यावरची थाळी काढून माझ्या हातात दिली. तिला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. हे मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय.

पुढे कॉलेज, मग नोकरी. आत्या रविवारी फोन करायची आणि तोच प्रश्न, फक्त आठवडा मोठा झालेला. "बोललीस का काही?" मी म्हणायचे, ऑफिसात फार बोलावं लागत नाही ग. "लागत न्हाय म्हणूनच तर इचारते." मग ती वाडीतलं सांगायची, कुठली केळ पडली, पक्याला मुलगी झाली आणि तिचा आवाज बापापेक्षा मोठा आहे, यंदाच्या नाटकात किती फुल्या. तिने त्यानंतर कधी काम केलं नाही. "एकदा केलं, झालं. मागत मात्र राहणार, तात्याला चुकल्यासारखं वाटेल न्हायतर."

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. घरात बाबा आणि मी. बाबा म्हणाले, वाडीला बारा दिवसांत पाणी नाही, झाडं बोलत नाहीत म्हणून काय झालं. ते पंपाकडे गेले. मी थाळी घ्यायला पडवीत आले, तर खिळा मोकळा. आदल्या दिवशी पंगतीसाठी गावकीची भांडी आणली होती, ती संध्याकाळी घासून परत गेली होती, आणि त्यांच्याबरोबर आमची पोचे आलेली थाळीही गेली असणार. मी घरभर शोधली. फळीवर तिच्या वह्या होत्या, एकावर एक. सगळ्यात वरची उघडली तर माझं पान निघालं. वर माझं नाव, खाली एकच वाक्य, मध्ये दोन तिरक्या रेघा, आणि कडेला बारीक अक्षरात, जे तिने मला तेव्हा दाखवलं नव्हतं: 'फुली न्हाय. हिला येतं.' मी वही होती तशी मिटून ठेवली. बाबांनी पंप सुरू केला होता. पाटात पाणी धावत होतं आणि मला त्याच्याबरोबर धावायला हवं होतं.

फावडं घेऊन मी एकेक आळं भरत गेले. माड, पोफळी, केळी, पुन्हा पोफळी. माती इतकी तापलेली होती की पाणी गेलं की तिचा वास यायचा. टोकाची पोफळी आली. तिचं आळं हळूहळू भरलं, पाणी काठाला लागलं, बांधावर चढायला लागलं. पलीकडे खळ्यात वत्सलाकाकूंची सुपारी पसरलेली, आणि काकू पाठमोऱ्या बसून ती उलथत होत्या. मागे वळून बघितलं तर नुसती झाडी. बाबा दिसत नव्हते, विहीर दिसत नव्हती, फक्त पंपाची घरघर येत होती. हात सवयीने थाळी शोधत होता. पळत जायला वेळ नव्हता. मी फावडं टाकलं, तोंड घराकडे केलं, पोटात श्वास भरला आणि सगळ्या वाडीच्या पलीकडे, पडवीची जी मागची भिंत आहे, तिला म्हणाले,

"आत्याऽऽऽ! आलंऽऽऽ! बंद कर!"